डूख धरलेला चुंबक

सात हेअरपिना.

"ह्याला काय विचारता, मला विचारा. मी सांगतो ना सगळं."

पडद्याच्या अकरा कड्या, पितळेच्या, एका खोक्यात.

करवतीची धार एका डोळ्याने पाहायची असते. दुसरा मिटायचा.

चित्राच्या डाव्या कडेला बोटभर सावली.

फोटोतला हसरा माणूस, दोन वर्षं अंधारात.

मित्रांनो, मी एक जुना चुंबक आहे. वरच्या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. त्या सगळ्या मी धरून ठेवल्या होत्या, एवढाच संबंध. काही पोटात, काही मनात. साप डूख धरतो असं म्हणतात. खरं की खोटं ते सापाला विचारा. चुंबक धरतो, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर राहतो. लोक मला एमआरआय म्हणतात. माझं तोंड बोगद्यासारखं आहे आणि त्यात एक अरुंद बिछाना आतबाहेर सरकतो. मला घडवताना कारागिरांनी मैलभर बारीक तार गुंडाळली आणि ती अशा द्रवात बुडवली की त्याच्यापुढे बर्फ म्हणजे कढत पाणी. मग तारेत वीज सोडली. त्या क्षणी मी जागा झालो तो आजवर झोपलेलो नाही. दिवे गेले, दाराला कुलूप लागलं, आवाज थांबला, तरी माझी ओढ चालूच असते. आवाज बंद म्हणजे यंत्र बंद, असं पुष्कळांना वाटतं. असं वाटलेल्यांच्या किल्ल्या, कात्र्या आणि एकदा तर अख्खी लोखंडी खुर्ची मी हवेतून ओढून घेतली आहे.

पण मी वाईट नाही. क्ष-किरण मी वापरत नाही. चुंबकाच्या आणि रेडिओलहरींच्या जोरावर मी शरीराच्या आतली चित्रं काढतो. त्याने दुखत नाही. लोहाराच्या दुकानासारखा ठणठणाट मात्र होतो, म्हणून कानात बोळे देतात. हातात एक रबरी फुगा देतात. घाबरलात, जळजळलं, काहीही वाटलं तर तो दाबायचा, बाहेर काढतात. आत जेवढे निश्चल पडाल तेवढं चित्र स्वच्छ. सुरुवातीच्या वर्षांत माझं फार कौतुक झालं. दुसरीकडे न सापडलेली गाठ मी दाखवली, म्हणून कुणाकुणाच्या मुलांनी माझ्या पांढऱ्या अंगावर हात फिरवला. तो स्पर्श मला आठवतो. मी सगळंच आठवणीत ठेवतो, हीच तर माझी खोड.

माझ्यापाशी काम करणाऱ्या तंत्रज्ञबाईंना रुग्ण ताई म्हणत. बाकीचा स्टाफ पाठीमागे त्यांना 'उलटतपासणी' म्हणे, कारण ताई प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायच्या. शरीरात पेसमेकर आहे का? डोक्यात क्लिप, कानात यंत्र, हाडात पट्टी? अंगावर औषधाची चिकटपट्टी? दिवस गेलेत का? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? एकदा घरच्यांसमोर विचारायच्या. मग माणसाला कोपऱ्यातल्या हिरव्या पडद्याआड नेऊन, आवाज खाली आणून, तेच सगळं पुन्हा.

"आत्ता तर सांगितलं!" लोक वैतागत.

"आत्ता सासूबाई होत्या," ताई म्हणायच्या. "आता फक्त मी आहे. बोला."

आणि मित्रांनो, त्या पडद्याआड उत्तरं बदलायची. बाहेर 'नाही' म्हणालेली सून आत 'दोन महिने झाले' म्हणायची. बाहेर छाती पुढे काढून उभा राहिलेला तरुण आत पुटपुटायचा, "बंद जागेत माझा जीव घुसमटतो, पण वडिलांना सांगू नका." ताई हसायच्या नाहीत. घाबरणाऱ्याला आधी सांगून ठेवलं तर बरंच काही करता येतं. डॉक्टर गोळी देतात, डोळ्यांवर कापड ठेवतात, बोलत राहतात.

मग तो आला.

तो नवा व्यवस्थापक होता. स्टाफने त्याचं नाव ठेवलं घड्याळसाहेब. पहिल्याच आठवड्यात तो काचेपलीकडच्या खोलीत उभा राहिला आणि एका रुग्णाला किती मिनिटं लागतात ते मोजू लागला.

"ताई, ही काय मुलाखत चाललीय? मुलगी बघायला आलोय का आपण?"

"साहेब, विचारावं लागतं."

"विचारलंय ना एकदा? फॉर्म भरलाय, सही आहे. दिवसाला चौदा माणसं होतात आपली. दुसरीकडे बावीस होतात."

त्याने ताईंना लेखी समज दिली. ताई तरीही पडद्याआड जायच्या. मग दुसरी समज. मग एका सकाळी पडदाच नव्हता. त्याने तो काढून धुवायला टाकला आणि परत लावू दिला नाही. पितळेच्या अकरा कड्या खोक्यात घालून कपाटावर ठेवल्या. राहिला तो उघडा कोपरा आणि एक प्लास्टिकचं स्टूल.

त्या दिवसापासून मी त्याला पाण्यात पाहू लागलो.

ताईंनी एक पळवाट काढली. दुसरे प्रश्न त्या माझ्या खोलीत, दार लावून, भिंतीपाशी विचारू लागल्या. हे चुकीचं होतं. हे प्रश्न माझ्या दाराबाहेर विचारायचे असतात, दाराच्या आत नाहीत. ताईंनाही ते ठाऊक होतं. पण बाहेर आडोसा उरला नव्हता.

प्रश्न: डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?
☐ होय ☑ नाही

ही खूण दाजींनी केली.

दाजी म्हणजे एका धारवाल्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धारवाला करवतींना धार लावायचा, फिरत्या दगडावर, ठिणग्यांच्या पावसात. त्याचा गुडघा दुखत होता म्हणून दाजी त्याला घेऊन आले. नोकरी दाजींनीच लावून दिली होती, त्यामुळे त्यांच्यापुढे त्याची मान वर होत नसे. फॉर्म दाजींनी मांडीवर घेतला आणि निळ्या शाईने खाली खाली खुणा करत गेले. नाही, नाही, नाही, नाही.

"त्यांना विचारून भरताय ना?" ताईंनी दारातून विचारलं.

"ह्याला काय विचारता, मला विचारा. मी सांगतो ना सगळं. लहानपणापासून बघतोय ह्याला. ठणठणीत आहे, गुडघा सोडून."

धारवाला हसला. मोठ्यांनी आपल्याबद्दल काही म्हटलं की माणसं हसतात तसा.

ताईंनी त्याला माझ्या खोलीत आणलं, भिंतीपाशी उभं केलं, दार लावलं.

"दादा, आता तुम्ही सांगा. काम काय करता?"

"धार लावतो."

"चष्मा लावून?"

"लावतो... आता लावतो."

"आधी?"

मी ऐकत होतो. चष्मा लावत नव्हतो, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. बारा वर्षांपूर्वी लोखंडाची एक बारीक कपची उडून उजव्या डोळ्यात गेली होती. सुजला होता डोळा, मग आपोआप बसला. कामावरून काढतील म्हणून त्याने कुणाला, दाजींना तर नाहीच नाही, सांगितलं नव्हतं. हे सगळं पुढे त्यानेच सांगितलं. त्या क्षणी त्याने फक्त तोंड उघडलं होतं.

"दादा, डोळ्यात कधी लोखंडाचा कण—"

दार उघडलं.

"झाली का प्रश्नमंजुषा?" घड्याळसाहेब आत आला. छातीच्या खिशाला ओळखपत्र, त्याला पोलादी क्लिप. "बाहेर सहाजण ताटकळलेत. सगळं 'नाही' लिहिलंय ना? काय हो, खरं आहे ना सगळं?"

धारवाल्याने मालकाकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं. "हो साहेब."

"ऐकलंत? तुम्ही जा बाहेर, यंत्र बघा. मी झोपवतो ह्यांना."

ताई थांबल्या. मित्रांनो, हे मी झाकणार नाही: ताई थांबल्या, आणि मग बाहेर गेल्या. दोन लेखी समज मिळालेल्या बाईला तिसरी म्हणजे काय, हे ठाऊक असतं. पण गेल्या. आणि ते त्यांनी स्वतःलाही कधी माफ केलं नाही.

घड्याळसाहेबाने धारवाल्याला बिछान्यावर आडवं केलं. गुडघ्याचं चित्र असेल तर पाय आधी आत जातात आणि डोकं माझ्या तोंडाशी राहतं. तोंडाशीच माझी ओढ सगळ्यात जबर असते. साहेब त्याची उशी सारखी करायला वाकला. टक! ओळखपत्र खिशातून सुटलं, बिछान्याच्या कडेची फट गाठून माझ्या कवचाआड गेलं आणि क्लिप आत चिकटली. त्याने खाली जमिनीवर पाहिलं, खिसा चाचपला आणि घाईत निघून गेला.

बिछाना सरकला.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते मी केलं आहे. बारा वर्षं डोळ्यात गप्प बसलेली कपची मी हलवली. धारवाला ओरडला. फुगा दाबायचीही त्याला शुद्ध नव्हती. ताईंनी काचेतून पाहिलं आणि धावत येऊन बिछाना बाहेर ओढला. डोळ्याच्या आत रक्त साचलं होतं. त्या उजव्या डोळ्याला पुन्हा दिसू लागलं नाही.

मी चुंबक आहे. लोखंड माझ्यासमोर आलं की मी ओढतो. कोणतं लोखंड टेबलाचं आणि कोणतं माणसाच्या डोळ्यातलं, हे मला कळत नाही. ते तुम्हाला कळतं. म्हणून तर विचारतात.

चौकशी बसली. ताई म्हणाल्या, "मी विचारत होते. साहेब आत आले आणि मला बाहेर पाठवलं."

घड्याळसाहेबाने लिहून दिलं: त्या दिवशी मी त्या खोलीच्या दाराशीही गेलो नव्हतो.

धारवाला डोळ्याला पट्टी बांधून आला. "पांढऱ्या शर्टातले साहेब होते. त्यांनीच झोपवलं मला."

"त्याची शुद्ध हरपली होती हो," दाजी मध्येच म्हणाले. "काय बोलतोय ते त्याचं त्याला कळत नाही." आपण मारलेल्या खुणांबद्दल त्यांना कुणी विचारू नये म्हणून ते घाईत होते.

चोराच्या उलट्या बोंबा आणि शहाण्यांच्या माना डोलल्या. माझी चित्रं तपासणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी चौकशीच्या अहवालावर सही केली: तंत्रज्ञाने आवश्यक प्रश्न विचारले नाहीत. सतरा वर्षं प्रत्येक प्रश्न दोनदा विचारणाऱ्या बाईबद्दल हे वाक्य! ताईंना काढलं. नाव इतकं काळं झालं की दुसऱ्या कुठल्या रुग्णालयाने दारात उभं केलं नाही. ताई मावसबहिणीच्या दुकानात झेरॉक्स काढू लागल्या, असं मी दाराशी बोलणाऱ्या आयांकडून ऐकलं.

घड्याळसाहेब दुसऱ्या दिवशी नवं ओळखपत्र लावून आला. फोटोत तोच हसरा चेहरा.

जुना चेहरा माझ्यापाशी होता.

मी काय करू शकत होतो? मला जीभ नाही, सही नाही. मला फक्त चित्रं काढता येतात. म्हणून मी चित्रांतूनच बोलायचं ठरवलं. कवचाआडच्या त्या पोलादी क्लिपमुळे माझी ओढ एका बाजूला किंचित वाकडी झाली होती. मी ती वाकडीच ठेवली. चित्राच्या डाव्या कडेला बोटभर करडी सावली पडू लागली.

"धूळ असेल," घड्याळसाहेब म्हणाला.

सावली.

"म्हातारं झालंय यंत्र."

सावली. पाठीच्या कण्यावर, खांद्यावर, कुणाच्या पोटावर. दोन वर्षं, दररोज बावीस वेळा, मी एकच वाक्य लिहीत राहिलो: माझं पोट उघडा.

सूड फुकट मिळत नाही, हेही सांगतो. एका आजीला सावलीमुळे तीनदा यावं लागलं. तिला पाठीवर निजवत नव्हतं, तरी ती दात आवळून निजली. एका चिमुरडीला झोपेचं औषध दुसऱ्यांदा द्यावं लागलं. त्यांचा काही गुन्हा नव्हता. त्यांची मी माफी मागतो. त्याची मागत नाही.

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच हट्ट धरला. "मला ह्या सावलीखाली काय आहे ते बघायचंय. नाहीतर मी एकाही चित्रावर सही करणार नाही."

सर्व्हिसचा इंजिनिअर आला. त्याने दिवसभर खपून माझी वीज उतरवली. पहिल्यांदाच माझी ओढ शून्य झाली. अंगातून कुणीतरी हाड काढून घ्यावं तसं वाटलं. मग त्याने स्क्रू काढले आणि कवच बाजूला केलं.

"अरे वा, आजोबा! पोटात संसारच मांडलात की!"

त्याने एकेक वस्तू चादरीवर ठेवली. सात हेअरपिना. एक नेलकटर. दोन टाचण्या. मग तो थांबला, हातातलं उजेडात धरलं आणि शीळ घातली.

"बाई, हे बघा कोण सापडलं."

डॉक्टरीणबाईंनी कार्ड हातात घेतलं. मग कार्यालयातून नव्या ओळखपत्राचा अर्ज मागवला. त्यावर अपघाताच्या दिवसाची तारीख होती आणि घड्याळसाहेबाच्याच अक्षरात लिहिलं होतं: आज सकाळी बसमध्ये हरवले.

घड्याळसाहेबाला माझ्या खोलीत बोलावलं.

"हे... हे कुणीतरी मुद्दाम टाकलंय आत!"

"साहेब," इंजिनिअर शांतपणे म्हणाला, "ह्याच्या पोटात कुणी काही टाकत नाही. हा स्वतः घेतो. आणि अंगाजवळ आणल्याशिवाय घेत नाही."

घड्याळसाहेबाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. मित्रांनो, मोठी माणसं तुम्हाला सांगतील की कुणाची फजिती पाहून आनंद मानू नये. त्यांचं ऐका. मला मात्र आनंद झाला. माझी वीज उतरवलेली होती, एक टाचणीही मी उचलू शकत नव्हतो, आणि त्या अवस्थेत मी त्याला जमीनदोस्त होताना पाहिलं. इतकं गोड मला पहिल्या कौतुकाच्या वेळीही वाटलं नव्हतं.

तो गेला. जाताना गुन्हा दाखल झाला तो वेगळाच. डॉक्टरीणबाईंनी स्वतःची जुनी सही स्वतःच खोडली आणि ताईंना बोलावणं धाडलं.

ताई आल्या. काचेपलीकडे उभ्या राहिल्या. केस पिकले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझं चुकलं. कधीपासून रुजू होताय?"

ताई कोपऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "आधी पडदा लावा."

त्यांच्यासोबत धारवालाही आला होता, जबाब द्यायला. दाजी नव्हते, ह्या वेळी तो एकटा आला होता. तो माझ्या दारापाशी आला, चौकटीला हात टेकला आणि एका डोळ्याने माझ्याकडे पाहत राहिला. करवतीकडे पाहावं तसं, धार तपासत. आत पाऊल टाकलं नाही.

"ताई, मला उत्तर द्यायचं होतं," तो म्हणाला. "तोंडात आलं होतं."

"माहितीय मला, दादा."

"हा पुन्हा चालू करणार?"

"हो."

"करा," तो म्हणाला. "पण माझा ह्याच्यावरचा राग जायचा नाही."

नको जाऊ दे. साहेबावर मी सूड उगवला, दाजींवर अजून उगवायचा आहे, पण ह्या माणसाचा हिशेब माझ्या नावावर निघतो आणि तो रास्त आहे. मी कितीही ओळखपत्रं धरून ठेवली तरी त्याचा डोळा मला परत देता येत नाही. सुडाला एवढंच येत नाही.

तेव्हा मित्रांनो, कधी माझ्यासारख्याच्या पोटात जावं लागलं तर फॉर्म स्वतः भरा. अक्षर येत नसेल तर दुसऱ्याला लिहू द्या, पण उत्तर तुमच्या तोंडातून येऊ द्या. वीस वर्षांपूर्वीचं ऑपरेशन सांगा, ठिणगी सांगा, पोटातलं बाळ सांगा, भीती सांगा. शिरेतून औषध देणार असतील तर किडनीचा त्रास आणि कशाची ॲलर्जी आहे ते सांगा. अंगावरची औषधाची पट्टी दाखवा. ती आत तापू शकते. कुणी घाई करू लागलं तर बिछान्यावर उठून बसा. कुणी म्हणालं, 'ह्याला काय विचारता', तर म्हणा, 'मलाच विचारा.' आणि दोनदा विचारणाऱ्या माणसाला कधी हसू नका. त्याची काळजी घ्या. यंत्रं बदलून मिळतात.

माझ्याशी खोटं बोललात तर मी रागावणार नाही. मला खोटं ऐकूच येत नाही. मी फक्त ओढतो.

डोळ्यात लोखंड आहे की नाही, हे साध्या एक्स-रेत पाच मिनिटांत दिसतं. अपघाताच्या सकाळी माझ्या शेजारची एक्स-रेची खोली दहापासून साडेअकरापर्यंत रिकामी होती.